पहिलं माप

१

जग काशीला कशाला जातं ते सांगायला नको. बकुळ मात्र काशीला झंपर शिवायला गेली.

बाहेर तसं कुणी बोललं नाही. माहेरी, सागर गावात, आळीभर सांगितलं गेलं ते एवढंच, की विष्णूची विधवा बहीण काशीवासाला चालली. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि चांगलं झालं म्हणाले. काशीवासाला शिवणाचं मशीन कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर विष्णू काय बोलला असता देव जाणे.

बकुळचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. वडील शाळामास्तर, सुधारकी वळणाचे. त्यांनी मुलीच्या केसांना कुणाला हात लावू दिला नाही, उलट मिशनच्या बाईंकडे बेतणं-शिवणं शिकायला घातलं. पोरीनं त्या विद्येचं सोनं केलं. कलकत्त्याच्या मासिकातलं चित्र एकदा बघायची आणि तसल्या फुगीर बाह्या दुसऱ्या दिवशी शिवून दाखवायची. पण वडील गेले, आणि वहिनीच्या स्वयंपाकघरात तिची जागा ठरून गेली. पहाटे चूल पेटवायची, रात्री भांडी पालथी घालायची, मधल्या वेळात कुणाच्या शुभकार्यात पुढे यायचं नाही. असं तिनं किती दिवस काढायचं?

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि बादशहाचा रौप्यमहोत्सव नुकताच आटपला होता. काशीत बंगाली, मराठी, गुजराती, सगळ्यांची घरं. वकील-डॉक्टरांच्या बायका नव्या तऱ्हेचे झंपर घालायला लागलेल्या, आणि पुरुष शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहायची त्यांना लाज. बकुळनं हे हेरलं होतं. तिनं विष्णूला पटवलं. विष्णू कबूल झाला, पण अट घालून. संक्रांतीला येईन म्हणाला. तोवर जम बसला तर राहा, नाही तर मशीन विकायचं आणि माझ्याबरोबर परत.

खोली दूधविनायकाच्या गल्लीत मिळाली. घर वेणीमाधवशास्त्र्यांचं. ते पाठशाळेत शिकवायचे, आणि घरातला सगळा कारभार त्यांच्या बायकोच्या, आनंदीकाकूंच्या हातात. काशीतली ती उंच दगडी घरं. मधल्या चौकावर दर मजल्याला लोखंडी जाळी टाकलेली. उजेड वरून झिरपत खाली जातो आणि खालचे आवाज वर येतात. बकुळची खोली तिसऱ्या मजल्यावर, दार जाळीपाशी उघडणारं. गल्लीकडे एक खिडकी, भिंतीत कोनाडा, एक खाट. काकूंनी सांगितलं, खोली गेल्या जाड्यापासून बंदच होती, बंदर फार येतात, खिडकी लावून घेत जा. जाडा म्हणजे थंडी, बंदर म्हणजे माकडं; अशी हिंदी त्यांच्या मराठीत दाण्याच्या कुटासारखी मिसळलेली असायची.

२

नवरात्र उठता उठता ती आली होती. खंडेनवमीला तिनं मशीन पुसलं, कात्री, टेप, खडू मांडून हळद-कुंकू वाहिलं. पूजा झाली की हत्याराला थोडं तरी काम द्यायचं, मग वर्षभर हात रिकामे राहत नाहीत, असं तिची आई म्हणायची. पण काम द्यायचं कुणाचं? काकू गंगेवर गेलेल्या, ओळखीचं दुसरं काळं कुत्रं नाही.

बकुळला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती एकटी होती आणि खूश होती. तिनं टेप उचलली, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि दुकानदारिणीच्या थाटात मोठ्यानं म्हणाली, "या बाई, लाजू नका. आधी तुमचं शिवते, मग बाकीच्यांचं."

आणि हवेतल्या हवेत तिनं या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत माप घेतलं. एवढं झालं, टेप गुंडाळली, आणि ती फराळाला खाली गेली. पोरकटपणाच तो; तिनं कुणाला सांगितलाही नाही.

३

पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते शरदिनीबाईंचं. संकठा घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, यजमान डॉक्टर, बरीच वर्षं कलकत्त्याला काढलेली. बाई ठसठशीत आणि मोकळ्या. बकुळनं त्यांचं माप घेतलं, छातीला टेप लावताना नेहमीप्रमाणे श्वास रोखू नका म्हणून सांगितलं. टेप लागली की बायका हटकून श्वास रोखतात आणि मग झंपर आवळतो. दोन दिवसांत तिनं झंपर पोचवला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. खांद्यात घट्ट होतं.

बकुळ ओशाळली. असं तिचं आजवर कधी झालं नव्हतं. शिवण उसवून सैल केली, मापून बघितलं, घडी घालून कोनाड्यात ठेवला. सकाळी इस्त्रीला घेतला तर खांदा पुन्हा आखडलेला.

पहिल्यांदा माणूस स्वतःलाच दोष देतो. तिनंही दिला. मग टेपला दिला, फूटपट्टीशी ताडून पाहिली तर टेप बरोबर. कापड आटलं म्हणावं तर ते तिनं स्वतः भिजवून वाळवलेलं. बंदर खिडकीतून केळी नेतील, शिवण कशाला घालतील? दाराला आतून कडी होती. आणि टाके तिचेच होते. शेवटाला उलट दोन टाके मारायची तिची सवय, ते दोन टाकेही जागच्या जागी. कुणी उसवून पुन्हा शिवलं म्हणावं तर कापडाला जुन्या सुईची भोकं दिसायला हवीत. तिनं शिवण उजेडाला धरून बघितली. एक भोक नव्हतं.

पुढे शेजारच्या एका लठ्ठ सुनेचं पोलकं असंच झालं. मग मुलींच्या शाळेतल्या बंगाली बाईंचं, आणि त्या तर काडीसारख्या. त्या दिवशी दुपारी बकुळनं तिन्ही कपडे खाटेवर एकावर एक ठेवले. एक ठसठशीत बाई, एक लठ्ठ, एक काडी. तिन्हींचे खांदे सुताला सूत जुळत होते.

ती खाटेवर न बसता उभीच राहिली. मग तिनं स्वतःचा हात त्या खांद्यांवर आडवा धरला. ते बाईचं माप नव्हतं. लहान मुलीचं होतं.

४

कार्तिक सरला आणि काशीचा जाडा पडला. गंगेवरून धुकं गल्लीत येऊन बसायचं, दगडी भिंती दिवसासुद्धा गार. बकुळ कोळशाची अंगीठी पायाशी घेऊन काम करी. तिघींचे झंपर तिनं कसेबसे निस्तरले होते, रात्री घरात ठेवायचेच नाहीत, शिवून झाले की संध्याकाळीच नेऊन द्यायचे, अशी युक्ती काढून. युक्ती चालली. आपण उगाच घाबरलो, असंही तिनं स्वतःला समजावलं.

आणि शरदिनीबाईंनी मोठं काम दिलं. त्यांच्या मुलीचं, गंगाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. रुखवतात सगळे झंपर नव्या फॅशनीचे हवेत, आणि ते तुम्हीच करायचे, असा त्यांनी निरोप धाडला. म्हणजे लग्नाला काशीतली झाडून सगळी मराठी घरं जमणार आणि प्रत्येकीची नजर नवरीच्या बाहीवर जाणार. बकुळला वाटलं, बसला जम. विष्णू आला की त्याला जिलबी खायला घालून परत पाठवू.

नवरीला विधवेचा हात नको, म्हणून गंगाचं माप जुन्या पोलक्यावरून घ्यायचं ठरलं. ते घेऊन जी नोकराणी आली, तिच्या तोंडून हे बकुळला कळलं. तिला लागलं. लागायचंच. पण काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तिनं ते पोलकं मापायला घेतलं.

पहिला झंपर ती बेतत होती, तेव्हा भरदुपार होती. खाली काकू तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज जाळीतून वर येत होता. बकुळनं टेप उलगडली आणि तिला मागे एक आवाज आला. फार बारीक. कुणीतरी श्वास आत घेतला, आणि तो सोडला नाही.

असे श्वास तिनं उभ्या जन्मात इतके ऐकले होते की ओळखायला वेळ लागला नाही. टेप बघून रोखलेला श्वास. ती वळली नाही. तिनं टेप हळूच गुंडाळून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळानं तो श्वास सुटला; पोर रुसून उसासा टाकतं तसा. खाली सूप चालूच होतं.

५

गंगाचा झंपर तिनं शिवला, आणि दिवस मावळायच्या आत पोचवायला निघाली तर तापानं अंग फणफणलं. एक रात्र तो कोनाड्यात राहिला. सकाळी तिनं तो न उलगडता तसाच फडक्यात बांधून नेला. बघायचं धाडस झालं नाही, खरं ते हे.

गंगानं घडी उलगडली. झंपर अंगाला लावला आणि ती हसली. "आई, देखो ना, हे तर बाहुलीचं आहे." मग बकुळच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं.

बाहुलीचं नव्हतं ते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला बेताचं झालं असतं. फुगीर बाह्या, गळ्याची लेस, काखेतली चुणी, सगळं त्या मापाला आलेलं, आणि काम इतकं सुबक की नाव ठेवायला जागा नाही.

शरदिनीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बकुळला बसवलं, गरम दूध दिलं, तब्येत कशी आहे विचारलं. मग कपाटातून किनखाबाचा एक तुकडा काढला. नवरीच्या शालूसाठी विणकराकडून जोडीनं विणून घेतलेला, टिचभर जास्त नाही. "हा शेवटचा, बकुळाबाई. हा बिघडला तर मला दुसरीकडे बघावं लागेल. मलाही घरात तोंड द्यायचंय."

बकुळ तुकडा छातीशी धरून बाहेर पडली. घरी जावंसं वाटेना. घाटाघाटानं चालत ती अहिल्याबाई घाटापर्यंत गेली. पायऱ्यांवर कोवळ्या उन्हाला म्हाताऱ्या विधवा बसल्या होत्या, आपल्याकडच्या. डोकी तासलेली, अंगावर ओलं तांबडं आलवण. इतके दिवस ती त्यांच्या अंगावरून गेली होती, पण शिवणारणीच्या नजरेनं तिनं त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. गंगेवरून वारा सुटला होता आणि एकीच्याही अंगात चोळी नव्हती. नसायचीच, तो नेमच होता. तिच्या वडिलांनी हट्ट धरला नसता तर त्या पायरीवर तीही बसली असती. तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही.

६

घरी आली तर आनंदीकाकू तिच्या खोलीत. काढा घेऊन आल्या होत्या. बकुळनं फडकं खाटेवर टाकलं तसा तो लहानगा झंपर बाहेर पडला. काकूंनी तो उचलला आणि दोन्ही हातांत पसरून धरला.

हा कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. बकुळ म्हणाली, कुणासाठीच नाही, आपोआप झाला. काकूंना त्याचं नवल वाटलं नाही, हे बकुळला जास्त भयंकर वाटलं.

मग त्या आपण होऊनच बोलल्या, खिडकीकडे तोंड करून. या खोलीत त्यांच्या चुलतसासूबाई राहायच्या. अन्नपूर्णाबाई. गेल्या जाड्यात गेल्या, चांगल्या ऐंशीच्या होऊन. या घरात आल्या तेव्हा परकरातल्या होत्या, दहा-अकरा वर्षांच्या. आल्या आणि नवरा गेला. केस गेले, अंगातली चोळी गेली, आणि उरलेला जन्म या खोलीत. कधी कशाचा हट्ट नाही. शेवटच्या आजारात तेवढं एकदा त्या काकूंना म्हणाल्या होत्या, थंडी वाजते गं, मला एक पोलकं शिवशील का?

"शिवलंत का?" असं बकुळनं विचारलं नाही. काकूंच्या पाठीकडे बघून तिला कळलं.

"नीचेची खोली रिकामी करून देते," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तू खाली ये बेटा. आजच ये."

त्या गेल्यावर बकुळ आधी भडकली. रिकाम्या खोलीला तिनं चांगलं फैलावर घेतलं. माझ्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतंय, मी पण तुमच्यातलीच ना, मला तरी सुटू द्या. बोलता बोलता तिला खंडेनवमी आठवली. आधी तुमचं, मग बाकीच्यांचं. शब्द कुणी दिला होता? आणि दिल्यावर पहिला झंपर कुणाचा शिवला? कुणी धंद्यात असं वागलं तर बकुळनंच त्याला लबाड म्हटलं असतं. तिचा राग ओसरला. भीती होती तिथंच राहिली.

७

पुढचं सांगायचं तर सगळं सरळ झालं. किनखाबाचा झंपर गंगाच्या अंगाला असा बसला की लग्नात नवरदेवाकडच्या बायका शिंपीण कोण म्हणून विचारत होत्या. संक्रांतीला विष्णू आला, खोलीत शिवायला पडलेल्या कापडांचा ढीग त्यानं पाहिला, आणि एकटाच परत गेला. बकुळ तिसऱ्या मजल्यावरून खाली कधी आली नाही. काकूंनी पुष्कळदा विचारलं, ती उजेड चांगला येतो एवढंच सांगायची.

पण त्याआधीची ती एक दुपार तिनं कुणाला सांगितली नाही.

काकूंशी बोलणं झालं त्याचा दुसरा दिवस. किनखाब तिनं बाजूला ठेवला. पेटीच्या तळाशी तिचा लग्नातला खण होता, हिरवा, न शिवलेला. तो तिला या जन्मात घालता येणार नव्हता आणि कुणाला द्यायला मन होत नव्हतं. तो तिनं काढला. टेप घेतली. दाराकडे पाठ करून म्हणाली, "या. माप घेते."

जाळीतून येणारा उजेड थोडा कमी झाला, ढग आल्यावर होतो तेवढा. ती वळली.

तिनं वर बघितलं नाही. माप घेताना नजर टेपवर ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक अवघडत नाही, ही तिच्या हाताची शिस्त, आणि त्या दिवशी त्या शिस्तीनंच तिला उभं ठेवलं. तिला दिसली ती एक लहानशी उघडी पाठ. थंडीनं काटा आलेली. दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरलेले, माप द्यायला उभं राहतात तसे. वर तासलेली मान होती, तिच्यावर वस्तऱ्याची एक ताजी रेघ होती. बकुळनं टेप लावली. ती हवेला लागली नाही. खांद्याचा आकडा तिला पाठ होता, तोच आला. छातीला टेप घातली तेव्हा तो श्वास रोखला गेला.

"श्वास सोड बाळ," बकुळ म्हणाली. आपण 'या' वरून 'बाळ'वर कधी आलो ते तिला कळलं नाही.

श्वास सुटला. बकुळनं मशीनपाशी बसून खण पसरला, खडूनं रेघा आखल्या. मागे कुणी उभं होतं, अगदी जवळ, मुलं शिवणं बघायला पाठीशी येऊन उभी राहतात तेवढं जवळ. तिचे हात चालत होते. कात्री उचलली तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. तो लहान नव्हता. सुरकुतलेला, कातडी लोंबणारा, ऐंशी वर्षांचा हात. त्याचं एक बोट खडूच्या रेघेवर टेकलं आणि कापडावरून हळूहळू बाहेर सरकलं.

"जरा वाढत्या अंगाचं शीव," कानाशी म्हातारा आवाज लाजत म्हणाला. "पुढच्या वर्षीही मलाच घालायचंय."

बकुळनं रेघ पुसली आणि दोन बोटं बाहेर दुसरी आखली.